रब्बीच्या रानातल्या भाज्या: सोलापूरकडील थंडीचा स्वयंपाक

माळरान

मार्गशीर्ष लागला की सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत भाज्यांचे दोन वेगळे ढीग दिसू लागतात. एका बाजूला फ्लॉवर, कोबी, मटार आणि लाल गाजरे असा बागायती माल असतो. दुसऱ्या बाजूला, बहुधा जमिनीवर पोते अंथरून बसलेल्या बायकांपुढे, करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचे खुडलेले शेंडे, चाकवत, पाथरी, ओल्या तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचे डहाळे मांडलेले असतात. पहिल्या ढिगातील भाज्यांच्या कृती सगळीकडे मिळतात. दुसऱ्या ढिगाविषयी नीट लिहिलेले फारसे सापडत नाही, आणि जे सापडते त्यात भाजी किती कोवळी किंवा किती जून घ्यावी हे सांगितलेले नसते. ती माहिती एका ठिकाणी जमावी म्हणून हा धागा काढत आहे.

या भाज्यांपैकी बहुतेक भाज्या मुळात भाजी म्हणून पेरल्याच जात नाहीत, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. आपल्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा कमी, आणि जो पडतो त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्यामुळे ती ओल खोल काळ्या जमिनीत धरून ठेवायची आणि तिच्यावर शाळू, करडई, हरभरा काढायचा, अशी इथली जुनी शेती आहे. करडई दाट उगवली की विरळावी लागते, त्या विरळणीत भाजी निघते. हरभऱ्याचे शेंडे खुडले की रोपाला बगलेतून फुटवे येतात, आणि ते खुडलेले शेंडे घरी येतात. चाकवत आणि पाथरी तर तण म्हणूनच उगवतात. तुरीचे रान वाळण्याआधी घरापुरत्या ओल्या शेंगा तोडून घेतल्या जातात. पीक वाढवता वाढवता जे हाती लागते तेच ताटात येते, आणि म्हणूनच प्रत्येक भाजीचा काळ जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. त्या काळातही पहिल्या आठवड्याची भाजी आणि शेवटच्या आठवड्याची भाजी एकाच रीतीने करता येत नाही.

करडईचेच पाहा. करडईच्या पानांच्या कडांना पुढे काटे येतात, पण रोप वीतभर होईपर्यंत पान मऊ असते. मंडईत जुडी हातात घेतली की पानाची कड अंगठ्याने चोळून पाहावी. ती जराही टोचली तर जुडी परत ठेवावी. अगदी कोवळी पाने शिजवूच नयेत. ती बारीक चिरून, त्यात चिरलेला कांदा, मीठ, लाल तिखट, थोडे दाण्याचे कूट आणि वरून करडईचेच कच्चे तेल घालून घोळाणा करावा आणि ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर लगेच खावा, कारण मीठ लागल्यावर तो फार वेळ ठेवला तर पाणी सोडतो. पाने थोडी मोठी असतील तर मात्र शिजवावीत. मूठभर मूगडाळ भिजवून अर्धवट शिजवून घ्यावी, तीत चिरलेली पाने टाकावीत आणि पातेल्यावर झाकण ठेवू नये, म्हणजे हिरवा रंग टिकतो. डाळीचा दाणा बोटांत दाबल्यावर मोडला पाहिजे, पण त्याचे वरण होता कामा नये. पाणी आटले की दुसऱ्या कढईत तेलात ठेचलेला लसूण तांबूस होऊ द्यावा, दोन वाळलेल्या मिरच्या मोडून टाकाव्यात, भाजी परतावी आणि वरून दोन चमचे ज्वारीचे पीठ भुरभुरून एक वाफ आणावी. पीठ उरलेला ओलावा ओढून घेते आणि पानातला कडसरपणा त्यामुळे सौम्य होतो. कांदा, टोमॅटो, गरम मसाला यांचे इथे काही काम नाही.

माझा एक आग्रह आहे आणि त्यावर मतभेद होतील याची कल्पना आहे. आपण सोलापूरकर प्रत्येक भाजीत काळे तिखट आणि दाण्याचे कूट घालतो. वांग्याला ते शोभते, वाळलेल्या कडधान्यांना तर हवेच. पण चार दिवस मिळणाऱ्या कोवळ्या पानाची चव त्याखाली पार दबून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपापल्या घरच्या रीती कृपया प्रमाणासह आणि भाजीच्या वयासह लिहाव्यात.

भीमाकाठ

धागा वेळेवर निघाला. आमच्याकडे हरभरा सध्या खुडणीला आला आहे. पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी, फुले लागण्यापूर्वी, शेंडे खुडतात. फुलोरा आल्यावर खुडणी केली तर पीकही जाते आणि भाजीही चरबरीत लागते.

हरभऱ्याच्या पानांवर बारीक केस असतात आणि त्यांतून जो आंबट द्रव पाझरतो त्याला आपण आंब म्हणतो. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. पहाटे दव पडलेले असताना रानातून चालले तर पायाला ती आंब लागून चरचरते; पूर्वी पहाटे पिकावर स्वच्छ फडके फिरवून आणि ते पिळून ही आंब औषधासाठी गोळा करून ठेवत असत. भाजीचा सगळा जीव या आंबेत आहे. म्हणून आमच्या घरी हरभऱ्याची भाजी धुतली जात नाही. ती दव उतरल्यावर खुडतात, सुपात पाखडून काडीकचरा काढतात, हाताने चुरतात आणि तशीच शिजवतात. धुतलेल्या भाजीत चिंच घालावी लागते, आणि चिंचेची आंबट चव व आंबेची आंबट चव यांत फार अंतर आहे.

कृती साधी आहे. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ आधी शिजवून घ्यावी. त्या पाण्यातच चुरलेली भाजी घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावी, मग ज्वारीचे पीठ गार पाण्यात कालवून लावावे आणि डावाने सतत घाटावे. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी घालावी. ही भाजी पळीवाढी असावी. भाकरी कुस्करून खाता आली पाहिजे. काळ्या तिखटाबाबत माळरान यांच्याशी मी सहमत आहे. या भाजीत ते घातलेले आमच्याकडे कोणाला रुचणार नाही.

जुळे सोलापूर

भीमाकाठ, कृती उत्तम आहे, पण न धुण्याचा सल्ला शहरातल्या वाचकांनी जसाच्या तसा घेऊ नये असे मला आग्रहाने सांगायचे आहे. आपण आपल्या रानातली भाजी खाता; त्या रानात कधी आणि काय फवारले हे आपल्याला ठाऊक असते. आम्ही मंडईतून किंवा आसरा चौकातल्या गाडीवरून जुडी घेतो, तेव्हा ती कोणत्या शिवारातून आली हे विकणाऱ्यालाही अनेकदा सांगता येत नाही. हरभऱ्यावर घाटे अळीसाठी फवारणी होते, हे सर्वांना माहीत आहे. रस्त्यावरची धूळ निराळीच. घरात लहान मुले आणि वयस्क माणसे असताना केवळ चवीसाठी भाजी न धुणे मला पटत नाही.

भीमाकाठ

आपली काळजी योग्य आहे. घाटे अळीचा मुख्य उपद्रव कळ्या, फुले आणि घाटे लागताना होतो आणि खुडणी त्याआधीची असते, त्यामुळे पहिल्या खुडणीच्या भाजीवर फवारा बसलेला असण्याची शक्यता तुलनेने कमी असते. परंतु कमी म्हणजे मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. अळी लवकर दिसली तर काही जण आधीही फवारतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडची भाजी असेल आणि त्याने फवारणी नसल्याचे सांगितले असेल तरच ती न धुता करावी. विकतची भाजी धुवावीच.

धुण्याची एक पद्धत सुचवतो. चुरण्यापूर्वी, पाने अखंड असतानाच मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन दोन-तीनदा बुडवून काढावी आणि लगेच चाळणीत उपसावी. पाण्यात भिजत ठेवू नये. वरची आंब बरीचशी जाईल, पण पानाचा स्वतःचा आंबटपणा थोडा उरतो. जो कमी पडेल तो भरून काढण्यासाठी चिंचेऐवजी शेवटी आंबट ताकाचे दोन डाव घालून पाहावे, ते या भाजीशी अधिक जुळते.

सीमेवरची

मी अक्कलकोट तालुक्यातील आहे. आमच्याकडे थंडीच्या भाज्यांचा खरा दिवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी आणि सोलापूरचा हा पूर्वेकडील पट्टा एवढ्या भागातच ती मोठ्या प्रमाणावर साजरी होते, त्यामुळे पंढरपूर-सांगोल्याकडच्या वाचकांना कदाचित तिची माहिती नसेल. शेतात कडब्याची कोप करून आत पाच पांडव मांडतात, पूजा करतात, आंबील आणि नैवेद्य रानभर शिंपडतात आणि मग आल्यागेल्या सर्वांना बसवून जेवू घालतात. त्या दिवशीची मुख्य भाजी म्हणजे भज्जी. नाव ऐकून तळलेली भजी डोळ्यांपुढे येतील, पण ही दाटसर, आंबट-तिखट, पिठाळ भाजी असते.

भज्जीत रानात त्या वेळी जे जे उभे असते ते सर्व येते: ओले हरभरे, ओली तूर, वाटाणा, वालाचे आणि पावट्याचे दाणे, भिजवलेले शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचे शेंडे, चार वांगी, दोन गाजरे. आदल्या रात्रीपासून घरात सगळे दाणे सोलत बसतात. दाणे प्रथम शिजवतात. ते मऊ झाले की चिरलेल्या फळभाज्या आणि शेवटी पालेभाज्या घालतात. दुसरीकडे चिंचेचा कोळ पातळ करून त्यात बेसन गुठळ्या न होऊ देता कालवतात. हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि कोथिंबीर यांचे वाटण तेलात परतून, त्यावर शिजलेल्या भाज्या त्यांच्या पाण्यासह ओततात आणि मग ते चिंच-बेसन लावतात. बेसन लागल्यावर तळाला धरते म्हणून एक माणूस भज्जी घोटण्यासाठीच बसलेला असतो. डाव उभा राहील इतकी ती घट्ट झाली की उतरवतात, कारण गार होताना ती आणखी आळते.

माळरान यांना आनंद वाटेल अशी गोष्ट म्हणजे भज्जीत काळे तिखट मुळीच घालत नाहीत. सगळा तिखटपणा हिरव्या मिरचीचा असतो. बाजरीचे उंडे किंवा तीळ लावलेली भाकरी भज्जीत बुडवून खायची आणि वर ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण-आल्याची थंड आंबील प्यायची. आंबील आदल्या दिवशी शिजवून मडक्यात ठेवलेली असेल तरच तिला तो हलका आंबूस वास येतो.

उत्तर कसबा

भज्जीचा विषय निघाला आहे तर शहराकडील खेंगटाविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे, आणि काळ्या तिखटाची बाजूही मांडायची आहे.

खेंगट हे भोगीचे. भोगीच्या दिवशी सकाळी नंदीध्वज मिरवणुकीने निघतात आणि दुपारी सिद्धेश्वर मंदिराशेजारी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. घरातले अर्धे लोक पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत असतात, उरलेले दर्शनाला जातात, आणि जेवायला एकत्र बसेपर्यंत दुपार टळून जाते. म्हणजे खेंगट पहाटे करायचे आणि ते दुपारनंतरही चांगले लागायला हवे. पालेभाजीच्या कोवळ्या चवीवर उभी असलेली भाजी इतका वेळ टिकत नाही. तीळकूट, दाण्याचे कूट आणि काळे तिखट यांच्या रश्श्यात मुरलेली मात्र टिकते आणि मुरता मुरता सुधारते. काळे तिखट इथे उगाच आलेले नाही.

दहा माणसांसाठी आमच्याकडचे प्रमाण असे आहे: सोललेले ओले हरभरे, पावट्याचे दाणे आणि वाटाणे प्रत्येकी एक वाटी, ओले किंवा रात्रभर भिजवलेले शेंगदाणे एक वाटी, मोडलेला घेवडा दोन वाट्या, लहान जांभळी वांगी पाव किलो, गावरान गाजरे दोन, चिरलेली मेथी किंवा चाकवत दोन मुठी, कांद्याची पात एक जुडी, मूठभर बोरे. भाजलेल्या तिळाचे कूट अर्धी वाटी, दाण्याचे जाडसर कूट अर्धी वाटी, काळे तिखट दोन मोठे चमचे, लिंबाएवढी चिंच आणि तितकाच गूळ.

क्रम चुकला की खेंगट बिघडते. शेंगदाणे, हरभरे आणि पावटे आधी नुसत्या पाण्यात पूर्ण शिजवावेत. चिंच त्यांच्याबरोबर कधीही घालू नये, कारण आंबटात दाणे मऊ होत नाहीत, कितीही वेळ उकळले तरी मधला भाग कचकचीत राहतो. दाणे शिजल्यावर घेवडा, वाटाणा आणि गाजर, त्यानंतर वांग्याच्या फोडी घालाव्यात. वांगे देठासकट चौफोड ठेवावे, म्हणजे मुरताना ते रश्श्यात मोडून पडत नाही. तेलात लसूण, जिरे आणि कांद्याच्या पातीचा पांढरा भाग परतून काळे तिखट मंद आचेवर क्षणभरच परतावे; ते करपले तर भाजी कडू होते. त्यावर शिजलेले सर्व ओतावे, मग चिंच, गूळ, मीठ आणि पालेभाजी. दोन्ही कुटे सर्वांत शेवटी घालावीत, कारण आधी घातली तर ती तळाला बसून लागतात. कुटे घातल्यावर आच मंद करून, वर तेलाचा तवंग दिसेपर्यंत थांबावे. बोरांना चीर देऊन ती उतरवण्यापूर्वी पाच मिनिटे आधी सोडावीत. जेवताना प्रत्येकाच्या वाटीत एक तरी बोर यावे, याकडे आमच्या घरी वाढणाऱ्याचे लक्ष असते.

बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाच्या डाळीची खिचडी.

माळरान

उत्तर कसबा, आपले म्हणणे पटण्यासारखे आहे. खेंगटाला मुरायचे असते आणि त्याला काळे तिखट योग्यच आहे. माझा रोख एकट्या पानांवर होणाऱ्या भाज्यांकडे होता: करडई, हरभरा, चाकवत, पाथरी. पाथरीची कोवळी पाने तर कच्चीच, मीठ-तेल लावून भाकरीबरोबर खातात. तिच्यावर मसाला टाकण्याचे कारणच उरत नाही.

चाकवताची ताकातली भाजी आपल्यापैकी कोणी लिहिली नाही, म्हणून थोडक्यात देतो. पाने उकडून रवीने घोटावीत. आंबट ताकात बेसन कालवून ते घोटलेल्या चाकवतात मिसळावे आणि मगच चुलीवर चढवावे. उकळी येईपर्यंत सतत ढवळत राहावे, आणि मीठ शेवटी घालावे, म्हणजे ताक फुटत नाही. शिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे त्यात हवेतच. भांडे स्टीलचे, मातीचे किंवा कल्हई असलेले घ्यावे. कल्हई गेलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ताकातली भाजी ठेवली तर तिला धातूचा वास लागतो आणि ती पोटालाही बरी नव्हे. हरभऱ्याच्या भाजीलाही हेच लागू आहे.

पूर्वभाग

धागा वाचताना असे जाणवले की आपल्या गावातील एक मोठा भाग अजून यात आलेला नाही. साखर पेठ, अशोक चौक या बाजूला विणकरीसाठी तेलंगणातून आलेली तेलुगू भाषक कुटुंबे पिढ्यानुपिढ्या राहत आहेत, आणि त्यांच्या थंडीच्या स्वयंपाकात याच मंडईतल्या भाज्या थोड्या निराळ्या वाटेने जातात.

आमच्या घरी संक्रांतीच्या सुमारास वंकाय-चिक्कुडकाय, म्हणजे वांगे आणि घेवड्याच्या शेंगा, ही भाजी ठरलेली असते. शेंगांच्या दोन्ही बाजूंच्या शिरा काढून त्या हाताने मोडतात, सुरीने चिरत नाहीत, म्हणजे आतले दाणे जागेवर राहतात. तेलात मोहरी, जिरे, सुकी मिरची आणि कढीपत्ता, त्यात शेंगा, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवणे. शेंगा अर्ध्या शिजल्या की वांग्याच्या उभ्या फोडी. उतरवताना भाजलेले तीळ, सुकी मिरची आणि लसूण यांची कोरडी पूड दोन-तीन चमचे. त्यात पाण्याचा थेंबही वरून घालत नाहीत. ही भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबरही उत्तम लागते आणि गरम भाताबरोबरही.

दुसरी अंबाडी. आमच्याकडे तिला पुंटीकूर म्हणतात आणि कानडी घरांत पुंडी पल्या. थंडीच्या सुरुवातीला तिची शेवटची चांगली पाने मिळतात, पुढे ती जून होऊन तोंडात दोरे येतात. तूरडाळीत शिजवलेले पुंटीकूर पप्पू आमच्याकडे होते, तर शेजारच्या लिंगायत घरात तीच पाने ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून वर लसणाची खमंग फोडणी देतात. दोन्हींतला फरक डाळ आणि कण्या एवढाच दिसतो, पण कण्यांची भाजी अधिक सौम्य लागते, कारण कण्या आंबटपणा शोषून घेतात. माझे मत विचाराल तर अंबाडीला कण्याच चांगल्या.

परगावी

नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. इथे करडईची पाने मिळत नाहीत, हरभऱ्याची भाजी क्वचित दिसते. भोगीला खेंगट करावेसे वाटते. पॅकेटमधले गोठवलेले मटार आणि हिरवे हरभरे वापरले तर चालेल का? आणि घरून काळे तिखट आहे, पण तीळकूट विकतचे घ्यावे का?

उत्तर कसबा

मटार गोठवलेले चालतात. ते आधीच वाफवलेले असतात म्हणून वांग्यानंतर घालावेत. हिरव्या हरभऱ्यांबाबत एक दक्षता घ्यावी: बाजारात कोरडे हिरवे हरभरे भिजवून ओले म्हणून विकले जातात. साल ताणलेली आणि दाणा सगळीकडे सारखाच गडद हिरवा असेल तर ते बहुधा भिजवलेले समजावेत. त्यांना शिजायला जास्त वेळ लागतो, म्हणून शेंगदाण्यांबरोबर कुकरमध्ये लावावेत. पुण्यात जानेवारीत हरभऱ्याच्या गड्ड्या रस्त्यावर मिळतात. सोलायचा कंटाळा न करता त्याच घ्याव्यात.

तीळकूट विकतचे घेऊ नये. पॉलिश न केलेले तीळ घरी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, पूर्ण गार झाल्यावर कुटावेत. गरम असताना मिक्सरमध्ये फिरवले तर तेल सुटून गोळा होतो आणि मग ते रश्श्यात सारखे मिसळत नाही.

डहाळा

वाळवलेल्या भाजीविषयी भर घालतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, पालेभाजी महाग होते आणि दुपारपर्यंत मलूल पडते. त्या दिवसांसाठी हरभऱ्याची भाजी थंडीतच वाळवून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती अजूनही अनेक घरांत पाळली जाते. पाने सावलीत, पातळ पसरून वाळवावीत. कडक उन्हात वाळवली तर रंग करडा पडतो आणि वासही जातो. मुठीत चुरली की पीठ होईल इतकी कोरडी झाल्यावर हाताने चोळून, काड्या वेगळ्या करून बरणीत भरावी. धुतलेली भाजी वाळवायची असेल तर आधी फडक्यावर पसरून पाणी पूर्ण टिपून घ्यावे, नाहीतर बुरशी धरते.

उन्हाळ्यात करताना वाळलेली भाजी ओल्या भाजीच्या चौथाईएवढीच घ्यावी, कारण ती फुगते आणि तिचा आंबटपणाही एकवटलेला असतो. इथे मात्र माळरान यांची क्षमा मागून सांगतो की दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे. वाळलेल्या पानाला त्या स्निग्धतेची गरज असते.

सोनसळी

हुरड्याविषयी कोणीच कसे लिहिले नाही? आगटीवर भाजलेली वांगी आणि कांदे हा थंडीचा सर्वांत साधा स्वयंपाक आहे. गूळभेंडी किंवा सुरती ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजत असतानाच कडेच्या राखेत अखंड वांगी पुरावीत. साल काळी पडून देठाशी वाफ येऊ लागली की काढावीत, सोलून हातानेच मोडावीत, आणि त्यात भाजलेला कांदा, ठेचलेली हिरवी मिरची, मीठ व कच्चे तेल घालावे. फोडणी देऊ नये, कारण फोडणीने धुराचा वास झाकला जातो. त्याच विस्तवात हरभऱ्याचे डहाळे टाकून हावळाही करता येतो. डहाळे पाल्यासकट टाकायचे, पाला जळून गेला की घाटे राखेतून वेचून, हातावर चोळून खायचे.

भीमाकाठ

सोनसळी, हावळ्यासाठी घाटे भरलेले पण साल अजून हिरवी असलेले डहाळे निवडावेत. पिवळट पडले की दाणा घट्ट होतो आणि भाजल्यावर दातांना लागतो.

जुळे सोलापूर

ओल्या तुरीची कृती अद्याप आलेली नाही. सध्या मंडईत शेंगा भरपूर आहेत आणि त्या नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडण्यापलीकडे मला काही येत नाही. कोणी सांगाल का?

सीमेवरची

नक्की सांगते. शेंग घेताना दाणा बाहेरून हाताला भरलेला लागतो पण साल अजून लवचिक असते, अशी पाहून घ्यावी. सोललेले दोन वाट्या दाणे लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात, अंगावर काळपट ठिपके येईपर्यंत भाजावेत. या भाजण्याने तुरीचा हिरवट, कच्चा वास जातो. ते टाळले तर आमटी गवतासारखी लागते. भाजलेल्या दाण्यांपैकी निम्मे पाट्यावर जाडसर ठेचावेत, निम्मे अखंड ठेवावेत. सहा-सात लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरे आणि मूठभर कोथिंबीर काड्यांसकट वाटून घ्यावी. तेलात हे वाटण परतून त्यात ठेचलेले आणि अखंड दाणे घालावेत, एक मिनिट परतावे आणि चार वाट्या उकळते पाणी ओतावे. गार पाणी घातले तर उकळी मोडते आणि दाणे शिजायला जास्त वेळ लागतो. अखंड दाणा बोटांत सहज दबला की मीठ घालून उतरवावे. ठेचलेल्या दाण्यांनीच आमटी दाट होते, वेगळे पीठ लावावे लागत नाही. आंबट घालायचे असेल तर ताटात लिंबू पिळावे, पातेल्यात घालू नये. ही आमटी कडक भाकरीवर ओतून, भाकरी भिजेपर्यंत थोडे थांबून खावी.

जुळे सोलापूर

आभारी आहे. दोन वाट्या दाण्यांसाठी साधारण किती शेंगा घ्याव्यात?

सीमेवरची

सोलल्यावर निम्म्याहून अधिक वजन सालीत जाते, म्हणून किलोभर घ्याव्यात. जे दाणे उरतील ते सोललेल्या स्थितीत फार काळ ठेवू नयेत, दुसऱ्या दिवशी ते चिकट होतात. शेंगाच मात्र ओलसर फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस चांगल्या राहतात.